थंडी, पण बेताची

विदर्भातल्या माणसापुढे संत्र्याची झाडं जपण्याचा विषय काढा, तो सरळ मे महिन्यावर जातो. पारा ४५च्या पुढे, विहिरीचा तळ उघडा, बोअरचं पाणी खाली खाली आणि टँकरचा भाव वर वर. मग तो रोगांवर येतो, डिंक्याकडे वळतो, कोळशीकडे वळतो. पुढे फळगळ, रानडुकरं, वानरं आणि सगळ्यात शेवटी व्यापारी. काहींच्या यादीत व्यापारी पहिला असतो. थंडीचं नाव मात्र या यादीत कोणी घेतलेलं मी ऐकलं नाही. माझं माहेर वरुडकडचं. आमच्याकडे डिसेंबरात थंडी नाही पडली, तर माणसं काळजीत पडतात.

त्याला कारण आंबिया बहार. संत्र्याला वर्षातून तीनदा फुलायची हौस. पण तिन्ही बहार घेतले तर झाड दमून जातं, म्हणून शेतकरी त्यातला एक धरतो. आंबिया धरायचा ठरला की डिसेंबरात ओलीत बंद. याला ताण देणं म्हणतात. जमीन भारी असेल तर महिना-दीड महिना झाडाला पाण्याचा थेंब दाखवायचा नाही. पानांचं तेज जातं, ती मलूल होऊन लोंबतात, थोडी गळतातही. जानेवारीच्या मध्याला ताण तोडायचा, म्हणजे पाणी सोडायचं, आणि मग काही आठवड्यांत बगिचा असा फुलतो की एस.टी.त बसलेल्या माणसालाही गाव आल्याचं वासावरून कळावं. या सगळ्या कटात थंडी सामील असते. रात्री गार पडल्या की झाड नवी पालवी काढायचं थांबवतं आणि डोळ्यांमध्ये फुलांची तयारी सुरू होते. थंडी दगा देऊन गेली, किंवा ऐन ताणात अवकाळी पाऊस आला, तर झाड नुसतं पाल्यावर जातं. उपाशी आणि गारठलेलं असलं म्हणजेच झाडाला लेकराबाळांचं सुचतं, असं माझी आई म्हणायची. पाहुण्यांसमोरही म्हणायची.

२०१८च्या डिसेंबरअखेर नागपूरचा पारा ३.५ अंशांवर आला होता. माणसं कुडकुडली, पेपरांनी शेकोट्यांचे फोटो छापले, पण संत्र्याला कोणी शाल पांघरल्याचं ऐकिवात नाही.

अशा मुलखातली मी, हिवाळ्यात लेकीकडे ह्यूस्टनला राहायला गेले. एके दिवशी दुपारी जावईबापूंनी फोनवर हवामान पाहिलं, चेहरा उतरला, आणि घरात कोणी आजारी असावं अशा आवाजात ते म्हणाले, “आई, आज रात्री संत्र्याला पांघरूण घालावं लागणार.”

मी आधी हसले. मग आकडा कळला. रात्री पारा उणे तीनवर जाणार होता. ह्यूस्टन तसं दमट, घामट गाव, मुंबईच्या माणसाला उन्हाळ्यात परकं वाटू नये असं. पण उत्तरेकडे आडवा डोंगर नाही. त्यामुळे कॅनडाकडची थंडी सपाट मैदानावरून धडक मारत थेट टेक्सासच्या दक्षिण टोकापर्यंत येऊ शकते. आपल्या डोक्यावर हिमालय उभा आहे, याचे आभार विदर्भातल्या बागायतदाराने कधी मानल्याचं मला आठवत नाही. मानायला हरकत नाही.

संध्याकाळ झाली तशी सारी कॉलनी अंथरुणं घेऊन अंगणात उतरली. फुलाफुलांच्या चादरी, पट्ट्यापट्ट्यांच्या चादरी, एका झाडावर स्पायडरमॅनची रजई, एकावर सोफ्याचं कव्हर, एकावर बहुधा जुना पडदा, कारण त्याच्या कड्या तशाच होत्या. एखाद्या घरात कसली अंथरुणं आहेत हे कळायला आपल्याकडे वर्षानुवर्षांचं जाणं-येणं लागतं. इथे एक कडाक्याची रात्र पुरते.

मीही उत्साहाने माझी गोधडी काढली. लेकीने ती हातातून काढून घेतली.

“आई, ही आजीच्या लुगड्यांची आहे.”

“मग? आजी कोणाला पांघरूण द्यायला नाही म्हणाली का कधी?”

“झाडाला दिलं असतं तिने?”

यावर विचार करावा लागला. बागेत फळं लागलेली असती तर दिलं असतं. शेवटी तडजोड झाली. गोधडी घरात राहिली आणि संत्र्याच्या वाट्याला एक सोलापुरी चादर आली. कधी काळी रुखवतात ठेवली होती, आणि अमेरिकेत आल्यापासून तिची घडी मोडली नव्हती.

पांघरूण घालायची एक रीत आहे आणि जावईबापू त्या बाबतीत सोवळे पाळणाऱ्या माणसाइतके कडक. चादर फांद्यांवर टाकून बुंध्याशी गाठ मारलेली त्यांना खपत नाही. कारण चादर झाडाला ऊब देतच नसते. ऊब असते जमिनीची. दिवसभर उन्हात तापलेली माती रात्रभर ती हळूहळू सोडत राहते, आणि आभाळ निरभ्र असलं, वारा पडलेला असला, की ती सगळी वर निघून जाते. अशा रात्री पानं भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतात. चादरीने ती ऊब झाडाखाली अडवून धरायची. म्हणून कडा चारी बाजूंनी जमिनीला टेकल्या पाहिजेत, वर विटा ठेवल्या पाहिजेत. बुंध्याशी गाठ मारली तर जमीन बाहेर राहते आणि झाड एकटंच आत गारठतं. प्लॅस्टिक वापरलंच तर ते पानांना चिकटू द्यायचं नाही, जिथे चिकटतं तिथली पानं करपतात. आणि सकाळी ऊन आलं की पांघरूण काढायचं. यावर लेक म्हणाली की आमच्या घरात सकाळी वेळेवर पांघरूण निघतं ते फक्त या झाडाचं.

याहून गंमत पाल्यापाचोळ्याची. आमच्याकडे उन्हाळ्यात झाडाखाली गवताचं आच्छादन घालतात, ओल टिकावी म्हणून. थंडीच्या रात्री तेच आच्छादन वैरी ठरतं, कारण दिवसा ते ऊन मातीपर्यंत पोचू देत नाही आणि रात्री मातीची ऊब वर येऊ देत नाही. तेव्हा पाचोळा ओढून काढायचा, माती उघडी करायची आणि थंडी यायच्या आधी तिला पाणी पाजायचं. ओली माती जास्त उष्णता साठवते. डिसेंबरात झाडाचं पाणी तोडायचं हे अंगात मुरलेली मी, जावयाच्या हातात पाण्याचा पाइप पाहून दोनदा हाक मारणार होते. जावयाला हाक मारून थांबवायचं नसतं म्हणून राहिले.

चादरीच्या आत दिव्यांची माळ सोडतात. नाताळची रंगीत माळ, पण जुन्या तारेच्या बल्बांची. नव्या एलईडी दिव्यांचा इथे उपयोग नाही, ते उजेड देतात आणि गार राहतात. जुना बल्ब विजेचा बहुतेक भाग उष्णता करून उधळतो, म्हणून जगाने त्याला हाकलून दिला. झाडाला नेमका तो उधळ्याच हवा असतो. जावईबापूंनी अशा माळा कोणाच्या तरी अडगळीतून शोधून जमवल्यात आणि त्या बँकेतल्या दागिन्यांइतक्या जपून ठेवल्यात.

कुंड्यांतल्या झाडांचं सोपं, ती सरळ घरात येतात. लेकीकडे एक कागदी लिंबू आहे आणि एक कढीपत्ता. कढीपत्ता हा लिंबाच्याच कुळातला. बेल आणि कवठही त्याच कुळातले, पण परदेशातल्या मराठी घरात जो मान कढीपत्त्याला मिळतो तो बेलालाही मिळत नाही. त्याची जागा देव्हाऱ्याशेजारी, दक्षिणेच्या खिडकीत. पाहुणीने फोडणीला चार पानं मागितली तर लेक तीनच तोडते, तीही झाडाकडे बघत.

आणि कागदी लिंबू! आपल्याकडे त्याच्याएवढं काटक कोणी नाही असा समज. दाराला मिरच्यांबरोबर ते टांगतात, नव्या गाडीच्या चाकाखाली ते घालतात, दृष्ट काढून चौकात ते फेकतात. सगळ्या जगाची पीडा ज्याने अंगावर घ्यावी, ते लिंबू या सगळ्या भावकीत थंडीला सर्वांत भित्रं निघालं. पारा गोठणबिंदूच्या थोडा खाली गेला की पहिलं तेच मान टाकतं. त्याच्या वर इतर लिंबं, मग मोसंबीच्या जातीची गोड फळं, त्यांच्यापेक्षा सोशीक आपली संत्री. संत्र्यांतही जपानी सात्सुमा उणे आठपर्यंत टिकून राहतं, म्हणून ह्यूस्टनच्या अंगणात त्याची चलती. लेकीकडे आणखी एक मायर लिंबू आहे. फ्रँक मायर नावाच्या माणसाने ते १९०८मध्ये चीनमधून अमेरिकेत आणलं. सरकारसाठी झाडं शोधत हा माणूस आशियाभर पायी हिंडायचा. पेकिंगच्या बाजूला हे लिंबू कुंडीत, शोभेसाठी लावत. म्हणजे कडक हिवाळ्याचा शेजार त्याला मूळचाच.

लिंबू-संत्र्यांचे हे लाड काही आजचे नाहीत. फ्रान्सच्या चौदाव्या लुईला संत्र्याच्या झाडांचं इतकं वेड, की व्हर्सायच्या महालात चांदीच्या कुंड्यांमध्ये ती मांडलेली असत. त्यांच्या हिवाळ्याच्या मुक्कामासाठी १६८४ ते १६८६ या काळात आर्दुआँ-मांसार या वास्तुकाराकडून त्याने एक वेगळी इमारतच बांधून घेतली. दीडशे मीटरहून लांब दालन, जाडजूड भिंती, तोंड दक्षिणेला, पाठ टेकडीत रुतलेली, दुहेरी काचा. चौकोनी लाकडी पेट्यांत लावलेली हजारावर झाडं ऑक्टोबरात आत जातात आणि मे महिन्यात बाहेर येतात. हे आजही चालू आहे. आतलं तापमान गोठणबिंदूच्या बऱ्यापैकी वर राहतं, तेही शेगड्या न पेटवता. आणि महालात? १६९५च्या हिवाळ्यात राजाच्या जेवणाच्या टेबलावर पेल्यातली वाइन गोठली होती, असं त्याच्या भावजयीने पत्रात लिहून ठेवलंय. संत्री मजेत, राजा गारठलेला. याच बागेत एक झाड होतं, ते म्हणे १४२१ सालचं, पाम्प्लोनाला रुजवलेलं. त्याच्या मालकाने राजद्रोह केला म्हणून जप्ती आली, तेव्हा जमीनजुमल्याबरोबर झाडही सरकारजमा झालं, आणि हिंडत हिंडत व्हर्सायला पोचलं. जप्तीच्या पंचनाम्यात संत्र्याचं झाड! आमच्या तलाठ्यांना ही कल्पना कोणी देऊ नये.

इटलीत गार्दा सरोवराच्या काठी लिंबांसाठी दगडी खांब उभे केलेत. हिवाळा आला की त्यांच्यावर फळ्या आणि काचा चढवायच्या, वसंतात उतरवायच्या. सुतारकाम दरवर्षी नव्याने. मला हे पटत नाही. सोव्हिएत लोकांचा उपाय जास्त रोखठोक वाटतो, त्यांनी झाडालाच खड्ड्यात बसवलं. पुरुषभर खोल चर खणून त्यात लिंबं लावली आणि थंडीत वरून झाकण घातलं. जमिनीखाली गारवा कमी, वाराही लागत नाही. फळं तोडायला मात्र खाली उतरावं लागत असणार.

व्यापारी बागांना असले चोचले परवडत नाहीत. हजारो झाडांना चादरी कुठून आणणार? कॅलिफोर्नियात १९१३च्या जानेवारीतल्या गारठ्याने संत्र्यांची वाताहत केली, त्यानंतर तिथे झाडांच्या ओळींमध्ये तेलाच्या शेगड्या आल्या. पुढे रेडिओवर रोज रात्री फ्लॉइड यंग नावाचे हवामान खात्यातले गृहस्थ कुठल्या गावात पारा किती उतरणार ते सांगत. ते ऐकून बागायतदार ठरवत की झोपायचं की शेगड्या पेटवायच्या. रात्रभर शेगड्या सांभाळलेली पोरं सकाळी नाका-तोंडाला काजळी लागलेल्या अवस्थेत शाळेत येत आणि मास्तर काही बोलत नसत. मी शिकवत होते तेव्हा आमच्याकडे कापूस वेचून आलेल्या पोरांनाही कोणी काही बोलत नसे, एवढं सांगते.

या शेगड्या भरपूर धूर करीत, आणि धूरच झाडांना वाचवतो अशी लोकांची पक्की समजूत. धुराची चादर वगैरे. खरं म्हणजे धुराचे कण जमिनीची ऊब अडवायला फारसे कामाचे नसतात, काम करते ती आग, आणि तिने ढवळलेली हवा. धुराने अडवला तो फक्त माणसांचा श्वास. पुढे लॉस एंजेलिसच्या बाजूला धुराविरुद्ध कायदे झाले आणि उंच खांबांवर मोठाले पंखे आले. थंड, स्तब्ध रात्री जमिनीलगत गार हवा साचते आणि दहा-पंधरा मीटर वर तिच्याहून उबदार हवा तरंगत असते. पंखा ती वरची हवा खाली आणतो. अर्थात वारा सुटलेला असेल तर हे थर राहत नाहीत, आणि मग पंखा नुसता शोभेचा.

आपल्याकडे हे पाहायचं तर निफाडला जावं. दर हिवाळ्यात निफाडचा पारा पेपरात पहिल्या पानावर येतो. फार घसरला की द्राक्षांचे मणी तडकतील या धास्तीने बागायतदार पहाटे बांधाबांधावर शेकोट्या पेटवतात आणि ठिबकने पाणी सोडतात. द्राक्षं आणि संत्री यांची भावकी नाही, पण पहाटे तीनला उठणाऱ्या त्यांच्या मालकांची आहे.

सगळ्यांत न पटणारा उपाय फ्लोरिडातला. झाड गारठू नये म्हणून त्यावर गार पाणी फवारायचं. रात्रभर. पाणी गोठतं, फांद्यांवर बर्फ चढतो, आणि त्या बर्फात झाड जगतं. कारण एक ग्रॅम पाणी गोठताना ८० कॅलरी उष्णता सोडून देतं. पाणी येत राहिलं, गोठत राहिलं, की झाड शून्याच्या आसपास थांबतं, त्याखाली जात नाही. पण एकदा सुरू केलं की मध्येच बंद करायचं नाही. आणि हवा कोरडी, वारा जोराचा असेल तर सगळं उलटतं. पाण्याची वाफ होताना ते ग्रॅममागे सुमारे ६०० कॅलरी ओढून नेतं, म्हणजे दिल्याच्या सात-आठ पट परत घेतं. हे ऐकून मला आमच्याकडचा एक सावकार आठवला.

फ्लोरिडाचं नाव निघालं की तिथले जुने लोक १८९४-९५ च्या हिवाळ्याकडे वळतात. डिसेंबरच्या अखेरीस पहिली लाट आली. झाडावरची फळं गेली, पानं गेली. पण झाडं वाचली. खोडात जीव होता. जानेवारी मग छान उबदार निघाला. लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला, झाडांनीही टाकला. रस चढला, कोवळी पालवी फुटली. आणि फेब्रुवारीच्या ७-८ तारखेला दुसरी लाट आली. रसाने भरलेली खोडं गोठली आणि सालं तडकली, इतक्या जोरात की बंदुकीचे बार वाटले, असं सांगतात. आदल्या वर्षी पन्नास लाखांवर पेट्या देणाऱ्या राज्याचं उत्पादन पुढच्या हंगामात दीड लाख पेट्यांच्या आत आलं. माणसं घरंदारं टाकून निघून गेली. मायामी तेवढं बचावलं होतं. तिथल्या ज्युलिया टटल या बाईंनी संत्र्याच्या टवटवीत फुलांचा गुच्छ रेल्वेमालक फ्लॅगलरला पाठवला आणि तो पाहून त्याने आपली रेल्वे मायामीपर्यंत नेली, अशी आख्यायिका आहे. १८९६मध्ये रेल्वे पोचली हे खरं, गुच्छाचं देव जाणे. आमची शकुंतला रेल्वे बंद पडलीय, वरुडहून एक गुच्छ पाठवून पाहायला हरकत नाही.

या गोष्टीत माझं मन अडकतं ते जानेवारीत. डिसेंबरातली थंडी झाडांनी सोसली होती. त्यांना मारलं मधल्या उबेने. संत्र्याचं झाड हिवाळ्यात पुरतं झोपत नाही, डुलकी काढतं. हवा १२-१३ अंशांखाली राहिली की वाढ थांबते, आणि रात्री हळूहळू गार होत गेल्या तर झाड आतून घट्ट होत जातं. उणे आठ सोसणारं सात्सुमा असं सरावलेलं असतं म्हणून सोसतं. तेच झाड ऐन पालवीत सापडलं तर उणे तीनलाही जातं. म्हणजे जपणाऱ्याने थंडी अडवायची तशी थोडी आतही येऊ द्यायची. दिवाळीपासून कानटोपी-मफलर चढवलेलं पोर शिंकतं आणि अंगणात उघडं हिंडणारं ठणठणीत राहतं, हे प्रत्येक आळीत दिसतं, आणि कानटोपी घालणाऱ्या आयांना ते सांगून उपयोग नसतो. जावईबापू पहिल्या वर्षी नोव्हेंबरातच, पारा दहावर आला की चादर घेऊन धावायचे. शेवटी शेजारच्या म्हाताऱ्या मेक्सिकन बाबांनी कुंपणापलीकडून सांगितलं, “थोडं गारठू दे त्याला. रंग तरी कसा येणार?”

तेही खरंच. रात्री गार पडल्याशिवाय संत्र्याच्या सालीतला हिरवेपणा जात नाही. जिथे बारा महिने उष्ण आणि दमट हवा असते तिथे फळ आतून पिकतं आणि बाहेरून हिरवंच राहतं.

त्याच रात्री, सोलापुरी चादरीवर विटा ठेवून आम्ही आत आलो आणि वरुडहून भावाचा फोन आला.

“काय सांगू वो ताई, यंदा थंडीच नाई. झाडं ताणावर सोडली अन् दुपारी पंखा लावा लागते. अशानं आंबिया फुटन का?”

“इकडे उणे तीन आहे,” मी म्हटलं. “जावयांनी झाडाला चादर घातली.”

पलीकडे बराच वेळ शांतता.

“चादर? झाडाले?” मग हळूच, “जावईबापूची तब्येत बरी हाये नं?”

मी फोन स्पीकरवर टाकला. दोघं अर्धा तास बोलले. एकाच्या बागेत दोनदा झाडं वाळली, दोन्ही वेळा उन्हाळ्यात. दुसऱ्याचं एकच झाड, तेही थंडीने गेलेलं. एकाला थंडी हवी होती, दुसऱ्याला नको होती, आणि दोघंही आपापल्या फोनवर तोच हवामानाचा नकाशा बघत होते. शेवटी भाऊ म्हणाला, “तुमची थोडी इकडं धाडा, आमचं ऊन घ्या.” जावईबापूंनी कुरिअरचा खर्च कोणी करायचा ते विचारलं. तिथे बोलणी फिसकटली.

ते गेलेलं झाड म्हणजे पहिलं सात्सुमा. २०२१च्या फेब्रुवारीतली गोष्ट, मी तेव्हा इथे नव्हते. ह्यूस्टनच्या विमानतळावर पारा उणे दहाच्या खाली गेला आणि टेक्सासमध्ये ४५ लाख घरांची वीज गेली. झाडाखालची दिव्यांची माळ विझली, तसा घरातला हीटरही. नळ गोठले. लेक, जावई आणि नातू एका खोलीत घरातली होती नव्हती ती अंथरुणं घेऊन बसले. नातू तेव्हा लहान. दुसऱ्या रात्री अंथरुणं कमी पडायला लागली, तेव्हा जावईबापू अंधारात अंगणात गेले आणि झाडावरच्या चादरी काढून घरात घेऊन आले. त्या थंडीत राज्यात दोनशेहून अधिक माणसं दगावली, तिथे झाडाचा विचार कोणी करू नये. त्यांनी केला. लेक सांगते की चादरी आणताना ते झाडाला काहीतरी म्हणाले, काय ते अजून सांगत नाहीत.

सकाळी पानं काळपट, उकडल्यागत. फळं दिसायला ठीक, पण कापली की आत कोरडी, फोडींच्या पडद्यांवर पांढरे कण. अशा वेळी माणसाचा हात कात्रीकडे जातो. जाऊ द्यायचा नाही. थंडीने कुठपर्यंत मारलंय हे झाडालाही लगेच ठाऊक नसतं. वर मेलेली दिसणारी फांदी महिन्याभराने मधूनच फुटते. घाईने छाटलं तर जिवंत भाग जातो, वर कोवळी पालवी येऊन पुढच्या थंडीच्या तोंडी पडते. नखाने साल जराशी खरवडायची, खाली हिरवं असेल तर थांबायचं. जावईबापू रोज ऑफिसची मीटिंग संपली की अंगणात जाऊन खरवडत. त्यांच्या नखाने झाडाला थंडीइतकाच त्रास झाला असेल, असं लेकीचं मत.

मे महिन्यात झाड फुटलं. अगदी बुडातून, तरारून. घरात पेढे वाटायचे बाकी होते. वर्ष गेलं, दोन वर्षं गेली, फांद्या उंच झाल्या, त्यांना बोटभर काटे आले, आणि पानं तीन-तीनच्या जुडीत. जावईबापूंनी फोटो पाठवले ते मी भावाला दाखवले. तो बघताक्षणी म्हणाला, “कलम मेलं वो. हे खुंट हाये.”

आमच्याकडे संत्र्याचा डोळा जंबेरीच्या नाही तर रंगपूर लिंबाच्या खुंटावर बांधतात. थंड मुलखात तो तिपानी रानसंत्र्यावर बांधतात. ते या भावकीतलं एकमेव झाड, जे हिवाळ्यात पानं टाकून खरंच झोपतं आणि उणे वीसलाही दचकत नाही. वरच्या गोड कलमाला जी काही थंडी सोसते, त्यात या खालच्याचा हात असतो. कलम गेलं, हा राहिला. २०२१नंतर ह्यूस्टनमध्ये कित्येक घरी असा खुंट संत्रं म्हणून वाढतोय, आणि ज्यांना माहीत आहे ते शेजारधर्म म्हणून बोलत नाहीत.

जावईबापूंनी शेजारी नवं सात्सुमा लावलं, पण खुंट काढला नाही. मी आले तेव्हा त्याला फळं धरलेली होती. लिंबाएवढी, पिवळी, अंगावर बारीक लव, आत निम्म्या बिया आणि उरलेला चिकट कडू रस. फळ म्हटलं की वरुडची बाई फेकून देत नाही. मी त्यांचं लोणचं घातलं. मीठ दुप्पट, गूळ भरपूर, मोहरीची डाळ, मेथी जरा हात आखडून, कारण कडू आधीच होतं. संक्रांतीपर्यंत ते मुरलं. कडूपणा तसूभर हलला नाही, उलट गुळाच्या आडून यायला लागला. लेकीने जिभेला लावून बरणी मागे सरकवली. नातवाने वास घेऊनच माघार घेतली. जावईबापू मात्र रोज थालीपिठाबरोबर एक फोड घेतात आणि “छान झालंय, आई” म्हणतात. आमच्याकडे जावयाला असं म्हणावंच लागतं. पण परवा मी पाहिलं, त्यांनी मागून दुसरी फोड घेतली.